मदत हवी आहे: मी मस्कतला, बोलेरो पालशेतला. विकू की ठेवू?

नमस्कार मंडळी,

गाव गुहागर तालुक्यातलं पालशेत, नोकरी मस्कतला. मार्च 2021 मध्ये हौसेने नवीन बोलेरो घेतली. एमएच 08 पासिंग, रस्त्यावर यायला साडेदहा लाखांच्या वर गेले. गावी येणं गणपतीला आणि मे महिन्यात, दोन्ही मिळून चाळीसेक दिवस. बाकी वर्षभर गाडी घरामागे उभी. (माडाखाली नाही, तेवढी अक्कल आहे. पत्र्याच्या शेडमध्ये.) बाबा सत्तरीचे, गाडी चालवत नाहीत. शेजारचा मुलगा आठवड्याला येऊन दहा मिनिटं इंजिन चालू ठेवतो. एकूण चालली आहे फक्त 19,000 किलोमीटर.

विकायचं मनात आलं म्हणून विचारपूस केली. चिपळूणच्या एका एजंटाने फोटो बघून पाच लाख दहा हजार सांगितले. आतेभाऊ सहा द्यायला तयार आहे, पण तीन आत्ता आणि उरलेले आंब्याचे पैसे आले की. वर म्हणतो, "नावावर काय, करू सावकाश." धाकट्या भावाचं तिसरंच. ही विक, पिकअप घे, वाशीला आंब्याच्या पेट्या आपणच नेऊ.

इथे मस्कतला माझी 2013 ची पजेरो आहे. दोन लाख किलोमीटरच्या पुढे चालली, तरी मुल्कियाच्या (तिथल्या आरसीच्या) नूतनीकरणाच्या वेळी तपासणीत बिनबोभाट पास होते आणि गिऱ्हाईकही विचारतं. मग गावच्या एवढ्या कमी चाललेल्या गाडीला इतका पडका भाव का? मी जास्त धरून बसू का? आतेभावाला द्यावी का? आणि कागदपत्रं इथून कशी करायची?

चिपळूणकर:
जुन्या गाड्यांचाच धंदा आहे माझा, म्हणून स्पष्ट लिहितो. तुम्ही किलोमीटर सांगून भाव मागताय आणि तेच तुमच्या अंगाशी येतंय. समुद्रकाठच्या गावातली पाच वर्षांची गाडी 19,000 चाललेली दिसली की आम्ही मीटर बघतच नाही, आधी खाली वाकतो. बोलेरोला चासी (खालचा लोखंडी सांगाडा) आहे. मागच्या पाट्यांचे शॅकल (पाटे सांगाड्याला धरणाऱ्या कड्या), क्रॉस मेंबर (सांगाड्याचे आडवे दांडे) आणि दाराच्या खालच्या कडा खाल्ल्या असतील तर वरचा रंग कितीही चमकू दे.

दुसरं म्हणजे जीएसटी. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या आणि 1500 सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांना 18 टक्के लागतो. आधी सेस धरून 31 होता. 131 चे 118 झाले, म्हणजे नवीच दहा टक्क्यांनी उतरली. बोलेरो यात बसते. मग जुनी वर कशी राहील? विम्याच्या कागदावरची आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनीने धरलेली गाडीची किंमत, बघा. चार वर्षांनंतर पाचव्या वर्षी निम्मा घसारा धरतात, तेव्हा तुमचीही साडेचारच्या आसपास असणार. बोलेरोला आपल्याकडे मागणी आहे म्हणून त्याच्या वर मिळतंय. तळ चांगला निघाला तर पाच साठ-सत्तर मागा. सहा रोख कोणी देत असेल तर हात जोडून घ्या.

मालवणी मिस्त्री:
उभी ठेवलेली गाडी कुजतली, दुसरा काय! मस्कतलाही समुद्र आहे हो, पण तिथे आपल्यासारखा चार महिने पाऊस नाही, आणि पजेरो रोज चालते, अंग सुकतं. आपल्याकडे हवेत मीठ आणि जमिनीतून ओल. शेडखाली फरशी आहे की माती? माती असेल तर गाडी खालून रात्रभर घामेजत असते.

तो पोरगा दहा मिनिटं इंजिन चालू ठेवतो ते उलट वाईट. इंजिन धड तापत नाही, साइलेन्सरात पाणी धरतं आणि आतून गंजतो. शिवाय ही बीएस 6 डिझेल. तिला मोकळ्या रस्त्यावर धावायला लागतं, नाहीतर काजळी साचते. त्याला सांगा, आठवड्याला शृंगारतळीपर्यंत जाऊन ये आणि एसी लाव. हँडब्रेक ओढून ठेवू नका, ब्रेक शू चिकटतात. गियरमध्ये ठेवून चाकाला जांभ्याचा चिरा लावा. दाभोळ-धोपावे फेरीबोटीतून आणता का कधी? आणलीत तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवा. आणि बॉनेट उघडून उंदरांचं बघा. मी वायरिंगच्या जागी नुसतं तांबं बघितलंय.

दोह्याहून परत:
आतेभावाला जरूर द्या, पण नावावर करूनच. आरसीवर तुमचं नाव असेतोवर अपघात झाला तर कोर्टाचा कागद तुमच्याच घरी येणार, बाबांना सही करून घ्यावा लागणार. नात्यात हे बोलायला जड जातं, म्हणून मी आमच्या वेळी सगळं आरटीओवर ढकललं होतं. "नियमच तसा आहे रे, माझ्या हातात नाही."

कागद म्हणाल तर नाव बदलायचे फॉर्म 29 आणि 30, चालू विमा, पीयूसी. कर्ज होतं का? असेल तर फॉर्म 35 आणि बँकेची एनओसी आधी, आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरल्याशिवाय पुढे सरकत नाही. तुम्ही नसताना भावाने सही करायची तर मुखत्यारपत्र लागेल. ते मस्कतच्या भारतीय दूतावासात साक्षांकित करून पाठवायचं आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरून घ्यायचा. हा मुद्रांक बरेच जण विसरतात. आणखी एक, वाहन पोर्टलचा ओटीपी तुमच्या भारतातल्या नंबरवर येतो. ते सिम चालू आहे ना?

एक वाचक:
पजेरोच घेऊन या की गावाला, बोलेरो कशाला!

दोह्याहून परत:
आणता येत नाही. तिकडच्या गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे, आपल्याकडे उजवीकडचंच चालतं. त्यात वापरलेली गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी नको. 2013 चा प्रश्नच मिटला.

चिपळूणकर:
पिकअपचं राहिलं. ती मालवाहू म्हणून पासिंग होते, पिवळी पाटी. विमा वेगळा आणि फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, मग दरवर्षी. आंबा किती महिने? अडीच. उरलेले साडेनऊ महिने भाऊ भाडी मारणार आहे का, हे आधी त्याला विचारा. नाहीतर बोलेरोच्या जागी पिकअप उभी राहील, एवढाच फरक.

मूळ प्रश्नकर्ता:
सगळ्यांचे आभार. भावाने काल गाडी चिपळूणला लिफ्टवर चढवली. चासी शाबूत आहे, वरवरचा गंज. पण मागच्या दोन्ही शॅकलचे पापुद्रे निघतायत, उजव्या दाराची खालची कड बोटाने चुरली, आणि फिल्टरच्या डब्यात उंदराने काथ्याचं घर केलं होतं. शेडखाली माती. मिस्त्री, तुम्ही बघून गेला होतात का?

पिकअपबद्दल भावाला विचारलं, तो अजून विचार करतोय. कर्ज 2024 मध्येच फिटलं, बोजा मात्र आरसीवर तसाच आहे, ते आता करायला घेतलंय. सिम जिवंत आहे. शिमग्याला स्वतःच येतोय, त्यामुळे मुखत्यारपत्र वाचलं. आतेभावाला पाच साठ सांगितले, पण सगळे एकदम आणि रत्नागिरीला सह्या त्याच दिवशी. दोन दिवस फोन नव्हता, आज आला. आत्येने चुलीवरचे घावणे करून ठेवते म्हणून निरोप दिलाय, तेव्हा जमेल असं दिसतं.

शेवटचं एक. देण्याआधी खालून कोटिंग मारून घेऊ का? बरं दिसेल.

चिपळूणकर:
अजिबात नको. ताजं काळं कोटिंग दिसलं की घेणारा आधी हातोडी मागतो.