मदत हवी आहे: बलून पंपाचा बलून वेळेत रिकामा होत नाही
शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी, हृदयाला मदत म्हणून महाधमनीत बसवतात त्या बलून पंपाचं टेबलावरचं मॉडेल करतोय. बलून ४० मिलीचा, महाधमनीच्या जागी सिलिकॉनची नळी, तिच्यात रक्ताऐवजी पाणी-ग्लिसरीन, ठोके मिनिटाला ८०. फुगतो छान, पण रिकामा उशिरा होतो. बलून टोकापर्यंत आकसायच्या आतच पुढचा ठोका येऊन थडकतो. म्हणजे हृदयाचा भार हलका व्हायचा तिथे उलट वाढतोय, आणि तेच खटकतंय. व्हॅक्यूम वाढवला, जोडनळी अर्धी केली, व्हॉल्व्ह बदलला. गळती नाही. खऱ्या यंत्रात बलून फुगवायला हेलियम असतो (हलका, म्हणून नळीतून पटकन ये-जा करतो), आम्ही साधी हवा वापरतो. हेलियमचा सिलिंडर एकदाच परवडेल. कॅथेटरची, म्हणजे बलूनला हवा पोचवणाऱ्या बारीक नळीची, आतली पोकळी २ मिमी आहे. उशीर हवेमुळे होतोय की पोकळी अरुंद म्हणून, हे हेलियम आणण्याआधी कसं ओळखायचं?