चंद्राच्या तिथीवरून बागकाम पोरांना कसं शिकवावं? (नागपूर, ६ वी-७ वी)

परसबागवाली
नमस्कार मंडळी, मी नागपुरातल्याच एका शाळेत विज्ञान शिकवते. शाळेची छोटी परसबाग आहे, पोरं सांबार (म्हणजे कोथिंबीर), मेथी, पालक लावतात आणि तेच खिचडीत जातं. मागच्या आठवड्यात वर्गात न्यूझीलंडच्या माओरी लोकांची मारामाताका नावाची चांद्र दिनदर्शिका सांगितली. महिन्यातल्या प्रत्येक रात्रीला वेगळं नाव, कोणत्या रात्री रताळं लावायचं, कोणत्या रात्री मासे धरायला जायचं, कोणत्या रात्री काहीच करायचं नाही. पोट्टे जाम खुश! एकाने विचारलं, मॅडम आपल्याकडे काहून नाही असं? आता मला याच सत्रात हे करायचंय पण हेडसर म्हणून राहिले की पालक म्हणतील अंधश्रद्धा शिकवता. काय करू, कुठे नेऊ, कोणाला बोलवू?

बर्डीकर
पौर्णिमेला लावलेला सांबार तर्री-पोह्यावर टाकला की जास्त चव येते का हो मॅडम 😄

कापसाचं_वावर
बर्डीकर भाऊ गप बसा. ताई, आधी एक घोळ सोडवा. आपल्याकडे पेरणी चंद्रावर नाही होत. रोहिणी २५ मेच्या आसपास, मृग ७-८ जूनला, आर्द्रा २१-२२ ला, दरवर्षी जवळपास त्याच तारखेला, कारण सूर्य त्या नक्षत्रात कधी जातो त्यावरून ते ठरतं. चंद्रावर चालतात ते सण, म्हणजे पोळा श्रावण अमावस्येला, दुसऱ्या दिवशी मारबत म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक, आणि अक्षय तृतीयेला सालदाराचं, म्हणजे वर्षभरासाठी ठेवलेल्या गड्याचं, नवं साल. हे दोन्ही एकत्र करून "आपले पूर्वज चंद्र पाहून पेरायचे" असं पोरांना सांगू नका, कोणी आजोबा येऊन तुम्हालाच दुरुस्त करतील.

पोळ्याच्याच तारखा फळ्यावर लिहा: २०२३ ला १४ सप्टेंबर, २०२४ ला २ सप्टेंबर, २०२५ ला २२ ऑगस्ट. दरवर्षी अकरा-बारा दिवस मागे का सरकतो ते पोरांनाच काढू द्या. चंद्राचा महिना साडेएकोणतीस दिवसांचा, बारा महिन्यांचे ३५४ च होतात, मग अधिक महिना आला की पोळा परत पुढे. एवढ्यात गणिताचे दोन तास आरामात जातात आणि हेडसरला आक्षेप घ्यायला जागा नाही.

चांदणभटका
+१. रमण विज्ञान केंद्रात तारांगण आहे, तिथे न्या. आणि माओरींचा धागा सोडू नका बरं, फार सुंदर आहे. ज्या मातारिकीवरून त्यांचं नवं वर्ष सुरू होतं ती म्हणजे आपल्या कृत्तिका! २०२२ पासून तिथे त्या दिवशी सरकारी सुट्टी असते. पण तो दिवस जून-जुलैत येतो, म्हणजे तिकडच्या भर हिवाळ्यात, पहाटे कृत्तिका परत दिसायला लागल्या की. आपल्याला नोव्हेंबरात संध्याकाळी पूर्वेला दिसतात, पोरांना गच्चीवरून पाहायला सांगा. तिथे चंद्रसुद्धा आपल्यापेक्षा उलटा दिसतो, वाढत्या चंद्राची उजेडाची बाजू डावीकडे. म्हणून त्यांचा तक्ता जसाच्या तसा नागपूरच्या वाफ्यावर चिकटवू नका, तो त्यांच्या जमिनीचा आणि समुद्राचा आहे, त्यांच्यातही कुळागणिक, किनाऱ्यागणिक बदलतो.

परसबागवाली
कृत्तिकांचं भारीच! मी ठरवून राहिले की एक वाफा शुक्ल पक्षात पेरायचा, एक कृष्ण पक्षात, आणि पोरांनी मोजायचं कुठे जास्त उगवलं. बरोबर होईल का?

कापसाचं_वावर
करा पण एकदाच करून निकाल देऊ नका. पंधरा दिवसांत नागपूरची थंडी केवढी बदलते, नोव्हेंबर सुरुवातीची मेथी पटकन निघेल, शेवटची दम घेईल, आणि पोरं सगळं चंद्राच्या माथी मारतील. म्हणून प्रत्येक पंधरवड्यात पेरा, पूर्ण सत्रभर, तेच बी, तेवढंच पाणी, आणि रोजचं किमान तापमान वहीत. भर दुपारचं ऊन लाखभर लक्स (उजेड मोजायचं एकक) असतं, पौर्णिमेचं चांदणं अर्धा लक्सही नाही, त्यामुळे मला तरी काही फरक दिसेल असं वाटत नाही. नाही दिसला तर तसंच लिहायला लावा, तोच तर निकाल.

मोहाचं_झाड
एक राहिलं. हे शहर गोंड राजा बख्त बुलंद शहाने वसवलं, आणि "आदिवासी परंपरा" म्हटलं की आपण न्यूझीलंडला जातो, वा रे वा. तुमच्याच वर्गात गोंड घरची पोरं असतील. त्यांच्या आजीला बोलवा, घरी बी कसं राखतात, बांबू अंधाऱ्या पंधरवड्यातच का तोडतात (घूण कमी लागते म्हणतात), हे तिच्याच तोंडून ऐकू द्या. फक्त आधी विचारा काय सांगायला आवडेल, मोबाइल समोर धरून शूटिंग करू नका, आणि जाण्या-येण्याचा खर्च शाळेने द्यावा.

बर्डीकर
बरं बापा, मस्करी मागे घेतो. मेथीचं बी गोकुळपेठेतून आणून देऊ का ताई, किती लागेल?

परसबागवाली
अर्धा किलो पुरे भाऊ, पण सगळं एकाच पोत्यातलं हवं, नाहीतर कापसाचं_वावर रागावतील. आजीबद्दल उद्या वर्गात विचारते.