मदत हवी आहे: बेझनबागच्या जुन्या आठवणी आणि काचेला चिकटलेला फोटो

सगळ्यांना जय भीम, नमस्कार.

आमचे आबाजी नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होते. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला ही मिल सुरू केली आणि त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली, म्हणून नाव एम्प्रेस. आमच्या बेझनबाग वस्तीला नाव मिळालं ते मिलचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांच्यावरून. आज इथल्या कितीतरी पोरांना हे माहीतच नाही. मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

बेझनबाग-इंदोऱ्यातल्या मिल कामगारांच्या घरांतून जुने फोटो, हजेरीकार्ड, पगाराच्या चिठ्ठ्या आणि आठवणी गोळा करतोय. भोंगा वाजला की आजी चुलीवर तवा ठेवायची. १४ ऑक्टोबर १९५६ ला ती दीक्षाभूमीवर गेली, तेव्हाचं पांढरं लुगडं अजून ट्रंकेत आहे, घडीवर पिवळं पडलेलं.

आता अडचण सांगतो. आबाजींचा साच्याजवळचा एकच फोटो आहे, आणि तो फ्रेमच्या काचेला चिकटलाय. एका स्टुडिओवाल्याने ओढून काढायचा प्रयत्न केला, तर कोपऱ्याचा रंग काचेवरच राहिला. मी लगेच थांबवलं. काचेसकट स्कॅन केला तर चमक न येता नीट येतो का? नागपुरात असं काम जपून करणारं कोणी आहे का?

आणि तुमच्या घरी मिलमधलं कोणी ऐंशीच्या वर असेल, तर कृपया कळवा. मी स्वतः येऊन बसतो, रेकॉर्ड करतो. कागद तुमच्या घरीच राहतील, मी फक्त फोटो काढीन.