मदत हवी आहे: सहावीला 'ग्रामपंचायत' शिकवताना वर्गातच दोन पॅनल झाली

खडूवाली

नमस्कार मंडळी. सोलापूर जिल्ह्यातल्या एका जि.प. शाळेत सहावी ते आठवीला इतिहास, नागरिकशास्त्र आणि भूगोल शिकवते. सहावीचा पट २८. नागरिकशास्त्रात ग्रामीण स्थानिक शासनाचा पाठ सुरू आहे आणि मी दोन ठिकाणी अडकले आहे. या पाठाची मला कधी भीती वाटली नव्हती. ग्रामपंचायत शाळेच्या भिंतीला लागून आहे, त्यामुळे वाटायचं, यात शिकवायचं ते काय!

आमच्या व्हरांड्यात 'बोलक्या भिंती'च्या वेळी रंगवलेला एक तक्ता आहे. त्यावर मतदारांकडून सदस्यांकडे बाण जातो आणि सदस्यांकडून सरपंचाकडे. म्हणजे निवडून आलेले सदस्य आपल्यातून सरपंच निवडतात. माझं जुनं टाचणही तसंच. मी तक्त्यावर छडी ठेवून तेच सांगितलं, तर मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, चुकीचं आहे. माझ्या आजीनं चार बटणं दाबली. तीन मेंबरची आणि एक सरपंचाचं." आजीसोबत तो केंद्राच्या दारापर्यंत गेला होता, आजीनं बाहेर येऊन बोटं मोजून सांगितलं होतं. बरोबरच होतं पोराचं. थेट सरपंच २०१७ ला आला, २०२० ला रद्द झाला, २०२२ ला परत आला. मला हे माहीत होतं, पण तक्त्यासमोर उभं राहिलं की तोंडातून तक्ताच बाहेर पडतो.

तेवढ्यावर थांबलं नाही. "जि.प.चा कारभार अध्यक्ष बघतात" म्हटल्यावर एक मुलगी म्हणाली, "आपल्याकडं तर प्रशासक होता." मुदत संपली आणि निवडणुका झाल्या नाहीत, म्हणून २०२२ पासून बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक (सदस्यांऐवजी कारभार बघणारा सरकारी अधिकारी) बसले, आणि ही पोरं त्याच काळात शाळेत वाढली. त्यांनी तोवर 'जि.प. सदस्य' नावाचा माणूस पाहिलेलाच नव्हता. ग्रामसेवकाचं पदनाव बदललं, तलाठ्याचंही बदललं. गावात अजून 'भाऊसाहेब'च म्हणतात हा भाग वेगळा.

तर पहिला प्रश्न: चाचणीत 'सरपंचाची निवड कोण करते?' आलं आणि एकानं तक्त्यावरचं लिहिलं, दुसऱ्यानं आजीचं, तर गुण कसे द्यायचे?

दुसरी अडचण जास्त नाजूक आहे. उत्साहाच्या भरात मी अभिरूप ग्रामसभा, म्हणजे वर्गातच खोटी-खोटी ग्रामसभा, घेतली. सरपंचांची मुलगी याच वर्गात आहे. पोरांनी तिलाच सरपंच केलं, मीही अडवलं नाही. ही माझी चूक. पडलेल्या पॅनलच्या घरातला मुलगा उठला आणि थेट विचारलं, "टाकीचे पैसे कुठं गेले?" हे वाक्य त्याचं नव्हतं, घरातलं होतं. मुलगी रडायला लागली. वर्गात 'कपबशी' आणि 'शिट्टी' अशा दोन पॅनलच्या निवडणूक चिन्हांच्या घोषणा सुरू झाल्या. संध्याकाळी एक पालक माझ्या दारात: "बाई, पोरांना राजकारण शिकवताय का?"

मुख्याध्यापक म्हणतात, पाठ वाचून घ्या, स्वाध्याय लिहून घ्या, पुढे चला. तसं करायचं मन होत नाही. गावच्या कारभाराचा पाठ गावाला हात न लावता शिकवायचा कसा? आणि हात लावला तर हे असं. कुणी हे निभावलं असेल तर सांगा.

---

निवांत_गुरुजी

बाई, आधी गुणांचं. आजीचं उत्तर पूर्ण गुणाचं. तक्त्यावरचं लिहिणाऱ्याला आपणच चुकीचं शिकवलं, म्हणून त्याचा गुण कापू नका. त्याला जवळ बोलवून दुरुस्ती करून द्या. पुढच्या वेळी प्रश्नच बदला: "२०१७ च्या आधी सरपंच कसा निवडला जायचा आणि आता कसा?" मग तक्ता आणि आजी दोघंही कामाला येतात.

मी निवृत्तीच्या आधी फळ्यावर एक आडवी रेघ काढायचो. १९५८ ग्रामपंचायत अधिनियम, १९९३ ला ७३ वी घटनादुरुस्ती लागू, २०११ महिलांना निम्म्या जागा. त्यात तुमची तीन सालं घाला. मग पोरांना सांगायचं, घरातल्या कोणत्या माणसानं कोणत्या सालात पहिलं मत दिलं ते या रेघेवर मांडा. एका वर्षी एका पोराची चुलती रेघेवर निघाली. राखीव जागेमुळे ती दोन वर्षं सरपंच होती, आणि पोराला पत्ता नव्हता!

---

दप्तरदिरंगाई

अहो, एवढा त्रास कशाला? जे छापलंय ते शिकवा. पगार तेवढाच मिळतो.

---

खडूवाली

@दप्तरदिरंगाई, पगार तेवढाच, पण त्या बाकावरचं पोरगं रोज समोर बसतं ना.

---

गावगाडा

मी ग्रामपंचायतीकडेच नोकरीला आहे, म्हणून टेबलाच्या या बाजूनं सांगतो.

एक, अभिरूप सभेसाठी गाव खोटं घ्या. नाव, वाड्या, मतदार सगळं पोरांनी ठरवायचं. भूमिका चिठ्ठ्या टाकून. सरपंचाचं लेकरू सरपंच होणार नाही याची खात्री चिठ्ठी देत नाही, तेव्हा त्या दोन घरांतल्या मुलांना सरपंचपदाच्या चिठ्ठीतून हळूच बाहेर ठेवा.

दोन, गाव खोटं पण नियम खरे. सभेची सूचना आधी लागलीच पाहिजे, विषयपत्रिका पाहिजे, इतिवृत्त लिहिणारा पाहिजे. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला कमी आकडा. ४०० मतदारांचं गाव घेतलं तर किती, हे गणिताच्या तासालाही चालेल. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला ती अट नाही. खऱ्या गावात नेमकं हेच होतं, पोरांना ते आवडेल.

तीन, पैसा. टाकीचा प्रश्न त्या मुलानं विचारला त्यात गैर काही नाही, ग्रामसभा त्यासाठीच असते. पण उत्तर कुठून शोधायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर कुठल्याही ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च कुणालाही बघता येतो. वर्गात दाखवताना मात्र दुसऱ्या तालुक्यातलं, कुणाच्या ओळखीचं नसलेलं गाव उघडा. स्वतःचं गाव पोरं घरी जाऊन बघतीलच.

---

सदाशिवपेठी_मास्तर

शहरात वेगळंच. मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली, आणि पुढची तीन वर्षं 'तुमच्या प्रभागाचे नगरसेवक कोण?' या गृहपाठाला पोरं माजी नगरसेवकांचे वाढदिवसाचे फ्लेक्स बघून नावं लिहून आणायची. निम्म्या वह्यांत इच्छुकांची नावं. मी शेवटी गृहपाठच असा केला: फ्लेक्सवर 'माजी', 'भावी' आणि 'विद्यमान' किती, मोजून आणा. 'विद्यमान' शून्य का, यावर एक अख्खा तास रंगला.

---

खडूवाली

सगळ्यांचे आभार. काल परत सभा घेतली, म्हणून कळवते.

गावाचं नाव पोरांनी 'पाटीपूर' ठेवलं, मतदार ४००. म्हणजे गणपूर्ती ६०, आणि आमचे २८. सभा तहकूब! टाळ्या पडल्या. मधल्या सुट्टीनंतर तहकूब सभा. १० लाख निधी धरला. पंधराव्या वित्त आयोगाच्या हिशेबानं ६ लाख पाणी-स्वच्छतेला बांधलेले, ४ लाख मोकळे. पोरांना ४ लाखांत क्रिकेटचं मैदान आणि गावदेवीचा मंडप दोन्ही हवं होतं. हिशेब बसेना. भांडण झालं, पण आकड्यांवरून. मंडप पडला.

सरपंचांच्या मुलीला 'ग्रामस्थ' ही चिठ्ठी आली होती. बराच वेळ ती गप्प बसली आणि मग उठून विचारलं, "मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून का नाही दाखवलं?" पाटीपूरच्या सरपंचाकडे उत्तर नव्हतं. टाकीचा प्रश्न विचारणारा तो शिट्टीवाल्या घरातला मुलगा इतिवृत्त लिहायला होता, त्यानं हा प्रश्न लिहून घेतला. अक्षर बरं आहे त्याचं.

गुरुजी, रेघेचा गृहपाठ दिला आहे, सोमवारी कळेल.

आता उरला तक्ता. पेंटर नुसते बाण बदलायचे ४०० रुपये मागतोय. मुख्याध्यापक म्हणतात, उद्या कायदा परत बदलला तर? खडूनं दुरुस्त केला होता, पावसाच्या सडाक्यानं गेला. भिंतीवर टिकेल आणि पुसताही येईल असं स्वस्तातलं काही माहीत आहे का कुणाला?