सोसायटीच्या आवारात सरसकट काँक्रीट टाळायचं तर नेमकं काय करावं?

मुरूममित्र: वाघोलीकडची सोसायटी आहे. इमारतींमधली साधारण १,२०० चौ. मी. जागा अजून मुरमाची. पावसाळ्यात चिखल होतो म्हणून कमिटीने सगळीकडे ट्रिमिक्स (पाणी शोषून घट्ट केलेलं काँक्रीट) करायचा ठराव आणलाय. एजीएममध्ये (वार्षिक सभेत) नुसता विरोध करून भागणार नाही, हातात पर्याय हवा. गाड्या उभ्या राहिल्या पाहिजेत, झाडं जगली पाहिजेत. अग्निशमनच्या गाडीचा रस्ता आधीच काँक्रीटचा आहे, त्याला हात लावायचा नाही. एका कोपऱ्यात काळी माती आहे.

खडीचाळण: आधी हिशेब मांडा. १ चौ. मी. वर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर. ५० मिमीची एक सर आली तर तुमच्या जागेवर ६०,००० लिटर पाणी. काँक्रीटवरून त्यातलं ९० टक्क्यांच्या आसपास गेटकडे धावणार. गेटजवळची गटार तेवढं ओढते का, हे कमिटीला विचारा. बहुतेकदा हा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो.

दुसरं, चिखल चाकांनी होतो. जिथे चाक फिरत नाही तिथे कठीण पृष्ठभाग कशाला? नकाशावर चाकांच्या वाटा आखा. २.५ बाय ५ मी.च्या पार्किंगमध्ये ६० सेंमी रुंदीचे दोन पट्टे पुरतात, मध्यापासून मध्यापर्यंत अंतर १.५ मी. म्हणजे १२.५ पैकी ६ चौ. मी. पक्कं, बाकी खडी. गवताच्या जाळीचे ब्लॉक सुचवणारे भेटतील, पण दिवसभर गाडी उभी असते तिथे ऊन पोचत नाही आणि गवत मरतं. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या, ऊन असलेल्या पार्किंगलाच ते ठेवा.

मुरूममित्र: ठेकेदार म्हणतो, पेव्हर ब्लॉकमधून पाणी जिरतंच, पण खाली १०० मिमी पीसीसी (साधं, सळईविना काँक्रीट) टाकू म्हणजे ब्लॉक खचणार नाहीत.

थरावरथर: मग जिरणार कुठे? पीसीसी म्हणजे खालून लावलेलं झाकण. पाणी ब्लॉकखाली साचतं, बेडिंग (ब्लॉकखालचा बारीक थर) वाहून जातं आणि ब्लॉक हलायला लागतात.

खालून वर असे थर हवेत: मूळ जमिनीवर जीओटेक्स्टाईल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड), त्यावर ४० मिमी खडी २०० मिमी, मग २० मिमी खडी १०० मिमी, ६ मिमी धुतलेली खडी ४०-५० मिमी आणि वर ८० मिमीचे ब्लॉक. सांधे ६ ते १० मिमी, त्यातही तीच बारीक खडी. क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) कुठेही नको, त्यातली पूड एका पावसाळ्यात सगळं बुजवते. जाड खडीत ४० टक्क्यांच्या आसपास पोकळी असते, म्हणजे ३०० मिमी थरात १२० मिमी पाणी मावतं. ब्लॉक खचू नयेत यासाठी कडेला काँक्रीटचा कर्ब (काठ) आणि खडीच्या प्रत्येक थरावर रोलर. कुंड्या-वाफ्यांची माती या भागाकडे उतरू देऊ नका.

देखभाल: मेआधी आणि पावसाळ्यानंतर कोरडा झाडू. पाणी तुंबायला लागलं तर सांध्यातली वरची २०-२५ मिमी खडी खरवडून नवीन भरायची. प्रेशर वॉशरचा फवारा सरळ सांध्यात मारला की गाळ अजून खोल जातो.

खडीचाळण: थर टाकण्याआधी जिरण तपासा. खडीचा तळ जिथे येणार त्या पातळीपर्यंत खड्डा खणा, रात्रभर पाणी भरून ठेवा, सकाळी पुन्हा भरा आणि तासाला पातळी किती उतरते ते मोजा. १२-१३ मिमीच्या वर असेल तर काम होईल. काळ्या मातीत होणार नाही. ती फुगते आणि पाणी धरून ठेवते. खाली मुरूम जवळ असेल तर माती काढून तिथपर्यंत जा, नाहीतर तळाशी ११० मिमीचा छिद्रांचा पीव्हीसी पाइप टाकून पाणी चेंबरला काढा. पाणी जिरवायची जागा इमारतीच्या पायापासून ३ मी. आणि पिण्याच्या भूमिगत टाकीपासून लांब ठेवा. पार्किंगचं तेलकट पाणी थेट बोअरवेलमध्ये सोडायचं नाही, हा मोह फार लोकांना होतो.

झाडोरा: झाडांबद्दल. एनजीटीने (राष्ट्रीय हरित लवादाने) २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवती १ मी. पर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. १ मी. हा किमान आकडा समजा. पाणी-हवा घेणारी बहुतेक मुळं वरच्या ४५-६० सेंमीत असतात, म्हणून तिथे जेसीबी नको, हातानेच खणा. अंगठ्याहून जाड मूळ आडवं आलं तर तोडू नका, ब्लॉकची ओळ वळवा. आणि "समतल दिसावं" म्हणून बुंध्याभोवती माती चढवू नका, साल कुजते.

राईनकाठचा: जर्मनीत अनेक पालिका पावसाच्या पाण्याचं वेगळं शुल्क लावतात, तेही गटारीला पाणी देणाऱ्या फरसबंद चौरस मीटरवर. पाणी जिरवणारा पृष्ठभाग केला की बिल कमी होतं, म्हणून इथे लोक आपणहून फरशी उखडतात. आपल्याकडे अशी पावती येत नाही, म्हणून एजीएममध्ये हे पटवायला जड जातं.

थरावरथर: कोटेशनमध्ये एक ओळ लिहून घ्या: "ब्लॉकखाली पीसीसी नाही, क्रश सँड नाही, प्रत्येक थर झाकण्याआधी मोजून फोटो." ही ओळ नसली तर दुपारी कोणी नसताना मिक्सर येतो आणि वरून ब्लॉक सारखेच दिसतात.