मॉरिशसचे 'मूळ रहिवासी' कोण?

कुणीतरी विचारलं की मॉरिशसच्या मूळ रहिवाशांचं पुढे काय झालं; शिवाय तो देश अजून उसावरच चालतो, असंही म्हटलं. गंमत अशी की तिथे मूळ रहिवासी नव्हतेच! १५९८ मध्ये डच उतरले तेव्हा बेटावर माणसांची वस्ती नव्हती, होता तो डोडो पक्षी. त्याचाही शंभरेक वर्षांत निकाल लागला. मग फ्रेंच आले, त्यांनी आफ्रिका-मादागास्करहून गुलाम आणून ऊस लावला. १८१० साली बेट इंग्रजांनी घेतलं.

खरी उलथापालथ १८३५ च्या गुलामबंदीने झाली. मळ्यांना मजूर हवे होते, म्हणून कलकत्ता, मद्रास आणि मुंबई बंदरांतून गिरमिटिये, म्हणजे करारावर बांधलेले मजूर, नेले. त्यांत बरेचसे बिहारी-भोजपुरी; पण मुंबईहून गेलेल्यांत आपली मराठी माणसंही होती. आज त्यांच्या घरात बहुधा क्रिओल (फ्रेंचवर आधारलेली तिथली बोली) बोलतात, तरी गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. (एवढ्याशा समाजासाठी हे थोडं नाही.) पोर्ट लुईला गेलात तर हे मजूर जिथे उतरले तो 'आप्रवासी घाट' जरूर बघा.

आणि 'अजून उसावरच चालतं' हे जुनं झालं. १९६८ च्या स्वातंत्र्यानंतर कापड कारखाने, मग पर्यटन आणि बँकिंग वाढलं. भारतात येणारी बरीच परकी गुंतवणूक मॉरिशसमार्गे यायची ती भारत-मॉरिशस यांच्यातल्या १९८३ च्या करविषयक करारामुळे. त्या मार्गाने आलेल्यांना शेअर विकून झालेल्या नफ्यावर भारतात कर लागत नसे. ती पळवाट २०१६ च्या दुरुस्तीने बुजवत आणली.