साबला जनरल मोटर्सनं मारलं, की साब आधीच बुडत होती?

उत्तरवाट (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात ट्रोलहेट्टनला जाऊन आलो. आमच्या गोथेनबर्गहून तासाभरावर, यॉटा नदीकाठचं गाव. साबच्या मोटारी इथे बनायच्या, आता इथे साबचं संग्रहालय आहे. तिथली सगळ्यात जुनी गाडी 'उर्साब', १९४६ ची. काळीभोर, पाण्याच्या थेंबासारखी, पुढची चाकंसुद्धा पत्र्याखाली झाकलेली. बाजूनं पाहिलं की विमानाचा पंख आडवा कापून ठेवल्यासारखी दिसते. तिच्यासमोरून माझा पाय निघेना. तेव्हापासून डोक्यात जे घोळतंय ते इथे मांडतो.

ज्यांना साब ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्वीडनला स्वतःची लढाऊ विमानं हवी होती म्हणून १९३७ साली ही कंपनी निघाली. महायुद्ध संपत आलं, विमानांच्या ऑर्डरी आटणार हे दिसू लागलं आणि मोटार करायचं ठरलं. इंजिनिअर गुन्नार युंगस्त्रोम, आकार सिक्स्टेन सासोन यांचा. मोटारींचा अनुभव गाठीशी नव्हता, म्हणून त्यांनी विमानाचंच शहाणपण वापरलं: वारा कमीत कमी अडला पाहिजे. डिसेंबर १९४९ मध्ये 'साब ९२' चं उत्पादन सुरू झालं. ७६४ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, २५ अश्वशक्ती, ओढ पुढच्या चाकांना. सुरुवातीच्या सगळ्या गाड्या एकाच हिरव्या रंगाच्या. डिकीला बाहेरून झाकणच नाही, सामान मागच्या सीटकडून आत सारायचं.

माझं म्हणणं असं. साबला लोक विक्षिप्त म्हणतात, पण त्या प्रत्येक विक्षिप्तपणामागे कारण होतं. किल्ली स्टिअरिंगजवळ नाही, दोन सीटच्या मध्ये. का? तर अपघातात गुडघा तिच्यावर आदळू नये. विंडस्क्रीनचे खांब भक्कम. का? तर स्वीडनच्या रस्त्यावर रात्री पाच-सहाशे किलोचा एल्क, म्हणजे घोड्याएवढं हरीण, आडवा येतो, त्याचे पाय बंपरला लागतात आणि धड थेट काचेवर येतं. १९७० साली हेडलाइटना वायपर आणि पुढच्या वर्षी सीटला उब, कारण तिथे हिवाळा तसा असतो. जनरल मोटर्सनं ही कारणं समजूनच घेतली नाहीत. १९९० साली अर्धी मोटार कंपनी घेतली, २००० साली उरलेली अर्धी, आणि ओपेलच्या, म्हणजे त्यांच्याच जर्मन कंपनीच्या, सांगाड्यावर साबचं नाव चिकटवत राहिले. गाडीतून कारण काढून घेतलं आणि मग म्हणाले, गिऱ्हाईक का येत नाही?

हिशोबनीस

उर्साबसमोर मीही उभा राहिलो आहे, त्यामुळे भावना कळते. पण आकडे वेगळं सांगतात.

साबनं आयुष्यात कधीही एका वर्षात दीड लाख गाड्या विकल्या नाहीत. सगळ्यात भरभराटीचं १९८७ साल, तेव्हाही साधारण एक लाख चौतीस हजार. शेजारची व्होल्वो त्याच्या तिप्पट विकायची आणि व्होल्वोलाही एकटं राहणं जमलं नाही. नवीन मॉडेल घडवायचा खर्च लाख गाड्यांना तेवढाच आणि दहा लाख गाड्यांनाही जवळपास तेवढाच येतो. घोडं इथेच पेंड खातं.

आता जनरल मोटर्स यायच्या आधीचा काळ बघा. १९७७ साली व्होल्वो आणि साब एकत्र करण्याची बोलणी झाली आणि फिसकटली. १९७८ ची '९००' म्हणजे १९६७ साली दाखवलेल्या '९९' चंच वाढवलेलं रूप, आणि ते १९९३ पर्यंत विकलं. १९८४ ची '९०००' करायला फियाटशी हातमिळवणी करावी लागली. आणि सगळ्यात मोठी चूक: माल्मोत कोकुम्सच्या जहाजबांधणीच्या जागेवर १९८९ साली नवा कोरा कारखाना उघडला आणि १९९१ मध्ये बंद केला. दोन वर्षांत! तो उभारायचा निर्णय डेट्रॉइटचा, म्हणजे जनरल मोटर्सचा, नव्हता. जनरल मोटर्सनं ६० कोटी डॉलर मोजले तेव्हा मोटार विभाग तोट्यातच होता. कुणी घेतली नसती तर साब नव्वदच्या दशकातच संपली असती. त्यांनी वीस वर्षं पोसली, बहुतेक वर्षं तोटा सोसून. यालाच खून म्हणायचं?

मंजिरी_बॉस्टन

हिशोबनीस, आकडे खरे असतील, पण ते आकडे म्हणजे आमच्यासारखी माणसंच होती. आम्ही का आलो आणि का गेलो तेही ऐका.

१९९१ साली लग्न होऊन मी डोंबिवलीहून बॉस्टनजवळ आले. ह्यांनी जुनी ९०० घेतलेली, तीन दारांची, करड्या रंगाची. इथे त्या काळी प्राध्यापक, वास्तुविशारद, डॉक्टर यांच्या दारात हमखास साब दिसायची. मी गाडी शिकले ती हीच. पहिल्या दिवशी किल्ली लावायला स्टिअरिंगभोवती हात फिरवतेय, आणि हे शेजारी बसून दोन सीटच्या मध्ये बोट दाखवतायत. उतरताना किल्ली निघेचना! रिव्हर्स गिअर टाकल्याशिवाय ती निघतच नाही. गिअरच कुलूपबंद होतो, म्हणजे उतारावर गाडी सुटायची भीती नाही आणि चोरालाही नेता येत नाही. दुसरी गोष्ट दाराची. ९०० चं दार खालपर्यंत येऊन उंबरठा झाकतं, त्यामुळे उतरताना साडीला किंवा पँटला रस्त्यावरचा मिठाचा चिखल लागत नाही. इथल्या हिवाळ्यात सहा महिने गाडी बाहेरून पांढरी असते, त्यामुळे ज्यानं हे दार आखलं त्याचं मला फार कौतुक वाटायचं. मागची सीट पाडली की आख्खं कपाट आडवं जायचं. माझं शिलाई मशीन, मुलीचा पाळणा, मंडळाच्या गणपतीची मखर, सगळं त्या गाडीनं वाहिलं.

आणि २००२ मध्ये नवी ९-३ आली तेव्हा मागचं उघडणारं दार गायब. साधी डिकीची सेडान. शोरूममध्ये मी विचारलं, हॅचबॅक कधी येणार? येणार नाही म्हणाले. आम्ही आलो होतो तशीच चालत घरी गेलो. त्यानंतर घरात साब आली नाही. आता सांगा, आम्ही साबला सोडलं की साबनं आम्हाला?

गॅरेज_सिन्नर

माझ्या हाताखाली साब कधी आली नाही, पण तीस वर्षं इंजिनं उघडतोय, आणि या गाडीबद्दल मिळेल ते वाचत आलो. मंजिरीताईंनी दार सांगितलं, मी आतलं सांगतो.

पंपावर पेट्रोलमध्ये ऑइल मारून घ्यायचो ते बजाजच्या जुन्या स्कूटरवाल्यांना आठवत असेल. जुन्या साबचंही तसंच. टू-स्ट्रोकला तेल मिळतं ते पेट्रोलबरोबर. आता मोठा उतार घ्या. तुम्ही ॲक्सिलरेटर सोडला, चाकं इंजिनाला फिरवतायत, पण पेट्रोल जात नाही म्हणजे तेलही जात नाही. पिस्टन जाम. म्हणून साबनं फ्रीव्हील दिलं, आपल्या सायकलला असतं तसंच. पाय सोडला की इंजिन मोकळं होऊन सावकाश फिरतं, गाडी आपली घरंगळत जाते. अशा गाडीवर एरिक कार्लसननं १९६० ते ६२ सलग तीन वर्षं ब्रिटनची आरएसी रॅली मारली आणि १९६२, ६३ ला माँटे कार्लो. समोर कितीतरी मोठी इंजिनं होती.

९०० मध्ये तर इंजिन उलटं बसवलंय. क्लच पुढे, गिअरबॉक्स इंजिनाखाली. बॉनेट पुढच्या बाजूला झुकून उघडतं. क्लच बदलायला इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवायची गरज नाही, समोर उभं राहून काम होतं. मी त्याचा फोटो पाहिला तेव्हा पोराला बोलावून दाखवला. ज्यानं हे केलं त्यानं मेकॅनिकच्या पाठीचा विचार केला होता. १९९३ ची नवी ९०० ओपेल व्हेक्ट्राच्या सांगाड्यावर आली आणि इंजिन इतर सगळ्यांसारखं आडवं झालं.

पण उत्तरवाट, एक कबूल करा. प्रत्येक गोष्ट स्वतःची करायची म्हणजे प्रत्येक पार्ट महाग. आपल्याकडे फियाट टिकली ती नाक्यानाक्यावर सामान मिळायचं म्हणून. इथे मी हिशोबनीसांच्या बाजूला.

उत्तरवाट

कबूल. पण कमी पैसा आहे म्हणून डोकं लढवणं हाच तर साबचा धंदा होता. नवीन सहा सिलिंडरचं इंजिन करायला पैसे नव्हते, म्हणून पेर गिलब्रांड आणि त्यांच्या माणसांनी दोन लिटरच्या इंजिनाला टर्बो बसवला, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. टर्बो आधीही होते, पण शर्यतीचे किंवा हौशी गाड्यांचे: पाय दाबा, वाट बघा आणि मग एकदम धक्का. साबनं छोटा टर्बो घेतला, जास्तीचा दाब सोडून द्यायला झडप ठेवली आणि रोज दूध आणायला न्यावी अशी टर्बो गाडी केली. १९७७ ला फ्रँकफर्टमध्ये ९९ टर्बो दाखवली. पुढे इंजिनाची ठोठो सेन्सरनं ऐकून दाब आपोआप कमी-जास्त करणारी यंत्रणा आणली. आज रांजणगावात बनणाऱ्या नेक्सॉनच्या बॉनेटखालीही टर्बो पेट्रोल इंजिन असतं. छोट्या इंजिनातून मोठं काम काढायची ही वाट रोजच्या गाडीसाठी रुळवली ती या 'परवडत नसलेल्या' कंपनीनं.

याउलट जनरल मोटर्सचा पैसा कुठे गेला? सुबारू इम्प्रेझाचा चेहरा बदलून '९-२एक्स', शेवरोले ट्रेलब्लेझरचा चेहरा बदलून '९-७एक्स'. ती तर ओहायोत बनायची. खरेपणा दाखवायला किल्ली तेवढी दोन सीटच्या मध्ये नेली. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. आणि जी गाडी खरंच साबची होती ती १९९७ ची ९-५, ती जुजबी रंगरंगोटी करून २००९ पर्यंत ओढली. बारा वर्षं एकच गाडी!

पिंपरीकर_७४

या वादात आपल्या जवळचं उदाहरण घ्यायला हवं. फोर्डनं २००८ साली जग्वार लँड रोव्हर टाटांना विकली, २३० कोटी डॉलरला. तेव्हाही सगळे म्हणत होते, बुडते जहाज घेतलं. टाटांनी पैसा ओतला आणि गाड्या कशा करायच्या हे तिथल्या इंजिनिअरांवर सोडलं. चीनच्या गिलीनं २०१० मध्ये फोर्डकडून व्होल्वो घेतली, त्यांनीही तेच केलं. छोटी कंपनी मोठ्या घरात जगू शकते, सासर तसं हवं. म्हणून मी उत्तरवाट यांच्याशी सहमत.

हिशोबनीस

पिंपरीकर, तुलना अर्धीच झाली. टाटांना मिळाली तेव्हा लँड रोव्हरकडे रेंज रोव्हर होती. फोर्डच्या काळात व्होल्वोकडे २००२ पासून एक्ससी-९० होती. सगळं जग उंच गाड्यांकडे वळत असताना साबकडे स्वतःची एकही उंच गाडी नव्हती. ९-४एक्स आली ती थेट २०११ मध्ये, मेक्सिकोत बनणारी, आणि हजारही बनायच्या आत सगळं आटोपलं. नवऱ्या मुलीच्या हातात काही नसेल तर सासर किती करणार?

आणि शेवटचा अंक बघा. २००९ मध्ये जनरल मोटर्स स्वतःच दिवाळखोरीत. क्योनिगसेग या छोट्या स्वीडिश स्पोर्ट्स कार कंपनीशी ठरलेला सौदा नोव्हेंबरात मोडला. २०१० च्या सुरुवातीला स्पायकरनं साब घेतली, म्हणजे वर्षाला मोजक्या स्पोर्ट्स कार हातानं बनवणाऱ्या एका डच कंपनीनं. त्या वर्षी साबनं कशाबशा तीस-बत्तीस हजार गाड्या बनवल्या. एप्रिल २०११ मध्ये पुरवठादारांचे पैसे थकले आणि लाइन थांबली, जूनमध्ये पगार थकले. १९ डिसेंबर २०११ ला दिवाळखोरीचा अर्ज. या दोन वर्षांत कारभार जनरल मोटर्सकडे नव्हता.

उत्तरवाट

कारभार नव्हता, पण चावी त्यांच्याच खिशात होती. २०११ च्या शेवटी यंगमन आणि पांग दा या चिनी कंपन्या साब घ्यायला तयार होत्या. जनरल मोटर्सनं सांगितलं, मालकी बदलली तर आमच्या तंत्रज्ञानाचे परवाने चालणार नाहीत. ९-३ आणि ९-५ उभ्या होत्या त्या त्याच परवान्यांवर. तिथे दोर कापला गेला. वीस वर्षांत साबचं स्वतःचं काही उरू दिलं नाही, आणि शेवटी 'हे आमचं आहे' म्हणून तेही काढून घेतलं.

हिशोबनीस

चीनमध्ये जनरल मोटर्सची शांघायच्या कंपनीशी भागीदारी होती. आपलंच तंत्रज्ञान तिथल्या प्रतिस्पर्ध्याच्या हाती कोण देईल? तुम्ही-मी त्यांच्या जागी असतो तर तेच केलं असतं.

मंजिरी_बॉस्टन

स्वीडनच्या सरकारवर मात्र कुणीच बोलत नाही. आम्ही मोटारीचे कारखाने चालवणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. कारखाने चालवणं सरकारचं काम नाही हे मलाही पटतं. पण पन्नास-पंचावन्न हजार वस्तीच्या गावात तीन हजारांहून जास्त माणसं एका ख्रिसमसच्या तोंडावर घरी बसली. तिथल्या एखाद्या आईला हे धोरण मी कसं समजावून सांगेन, ते मला सुचत नाही.

गॅरेज_सिन्नर

ताई, हे बरोबर बोललात. पार्टांचा हिशोब मांडताना मी त्या माणसांचा विचार केला नव्हता.

हिशोबनीस

मंजिरीताई, हॅचबॅकचा निर्णय चुकीचा होता हे मान्य. हक्काचं गिऱ्हाईक त्यांनी हातानं घालवलं. पण माल्मोचं उत्तर मला या धाग्यात अजून मिळालेलं नाही.

उत्तरवाट

माल्मो साबचीच चूक. त्यावर माझ्याकडे बचाव नाही, आणि तो पैसा गाडीत गेला असता तर १९९० मध्ये विकायची वेळ कदाचित आली नसती, हेही मान्य. पण बारा वर्षांची ९-५ आणि ९-३ चं गेलेलं मागचं दार मी माल्मोच्या खात्यावर लिहू देणार नाही.

एक राहिलं. दिवाळखोरीनंतर संग्रहालयातल्या गाड्याही विक्रीला निघाल्या होत्या. ट्रोलहेट्टन नगरपालिका, विमानं बनवणारी साब कंपनी आणि वॉलेनबर्ग या स्वीडनमधल्या उद्योगपती कुटुंबाचं एक प्रतिष्ठान यांनी मिळून तो सगळा संग्रह एकत्रच विकत घेतला. उर्साब आजही गावातच आहे. कुणी इकडे येणार असाल तर कळवा, मी घेऊन जाईन.